निमंत्रितांपुरतं

खिडकीपाशी उभी राहून ती दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं जेवत होती, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "फोटोबाई, तुम्ही इथे?" आणि तिच्या हातातला काटा ताटलीवर वाजला. आवाज बारीकसाच झाला, पण तिच्या कानात तो बराच वेळ राहिला. गेल्या दोन वर्षांत असल्या ठिकाणी तिला कोणी हाक मारली नव्हती. मारणार तरी कोण? ती जायची तीच मुळी अशा ठिकाणी, जिथे तिला बोलावणारं सोडाच, ओळखणारंही कोणी नसायचं. आज एका विमा कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर दुपारचं जेवण होतं. तिचा त्या कंपनीत विमा नव्हता की कोणी नात्यातलं कामाला नव्हतं. खाली फुलांनी मढवलेली पाटी दिसली, जिना दिसला, ती चढून वर आली, एवढंच. वळून बघितलं तर ती जिथे एक्स-रे काढायची त्या हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टर. निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, तरी अजून त्या रोग्याच्या उशाशी उभं राहावं तशाच उभ्या होत्या, हात पोटावर बांधून, मान किंचित कलती. त्यांचा पुतण्या या कंपनीत साहेब झाला होता, त्याने बोलावलं होतं, असं त्यांनी न विचारताच सांगितलं आणि मग विचारलं, "तुम्ही कोणाकडून?"

हा प्रश्न तिला पाठ होता आणि त्याची पाचसहा उत्तरंही. 'साहेबांच्या जुन्या ओळखीतली.' 'आमच्या मिस्टरांचे ते मित्र.' नुसतं हसून हात दाखवायचा, तिकडे, त्या घोळक्याकडे, की विचारणारा आपोआप समजून घेतो. पण तिला रोज सकाळी डबा उघडताना पाहिलेल्या बाईला यातलं काय सांगणार? "कोणाकडूनच नाही," ती म्हणाली, "अशीच आले." सिस्टरना ते विनोदाने घेता आलं आणि त्यांनी घेतलं. मग इकडचं तिकडचं झालं, गुडघे, रक्तदाब, कोण गेलं, कोण कोणाकडे राहायला गेलं. निघता निघता सिस्टर म्हणाल्या, "चला, भेटलात बरं झालं. आता बुधवारी भेटूच. डॉक्टरांच्या नावाने तो वर्ग उघडतायत ना, शिकणाऱ्या मुलांसाठी, अकराला..." आणि तिथे त्या थांबल्या. हॉस्पिटलातल्या बायकांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याचा हिशेब एकोणीस वर्षांत कधी कोणी तोंडाने मांडला नव्हता. पण सिस्टरांच्या चेहऱ्यावर तो आत्ता सगळा एकदम उमटला. "म्हणजे," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "निमंत्रितांपुरतंच ठेवलंय म्हणे. घरच्यांची तशी इच्छा आहे." ती हो म्हणाली, तिला कल्पना आहे म्हणाली. कल्पना अजिबात नव्हती. सिस्टर गेल्यावर तिने ताटलीत राहिलेलं सगळं जेवून संपवलं. तिसऱ्यांदा वाढून घेतलं, तेही संपवलं. भूक नव्हती, पण आता अर्ध्यावर ताटली ठेवून निघून जाणं म्हणजे पळून जाणं झालं असतं आणि पळून जाणं तिला ठाऊक होतं.

रस्त्याला लागल्यावर ऊन चांगलंच चढलं होतं. फुटपाथवरच्या फरशा पायाखाली गरम लागत होत्या आणि ती चालत होती ती घराच्या दिशेने नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. तिला आठवत होती ती दोन वर्षांपूर्वीची सकाळ. एक्स-रेच्या खोलीत एक मनगट मोडलेली बाई टेबलापाशी बसलेली, तिचा हात फिल्मवर सरळ करून ठेवत असताना दारातून कोणीतरी म्हणालं, हाडांचे डॉक्टर गेले, घरीच, पहाटे, झोपेत. ती त्या बाईला म्हणाली, "हलू नका." काचेमागे गेली, बटण दाबलं. फोटो इतका स्वच्छ निघाला की पुढे कितीतरी दिवस तिला त्या फोटोचा राग येत राहिला. हात थरथरायला हवा होता, काहीतरी धूसर यायला हवं होतं. आलं नाही. त्यानंतर तिने आणखी अकरा जणांचे फोटो काढले. एकोणीस वर्षं दर गुरुवारी दुपारी डॉक्टर तिच्या दोन खोल्यांत येत, बूट दाराशी काढत, खुर्चीत बसून अर्धा तास झोपत, उठून सूप पीत, आणि हाडांविषयी बोलत. बायकोविषयी वाईट एक शब्द त्यांनी कधी काढला नाही, आणि हा त्यांचा चांगुलपणा आहे असं ती बरीच वर्षं समजत होती. तिला ते कुठे म्हणजे कुठे घेऊन गेले नाहीत. हॉस्पिटलच्या वार्षिक जेवणाला दोघं खोलीच्या दोन टोकांना उभी राहत. त्यांच्या मुलाच्या लग्नाला अख्खं हॉस्पिटल गेलं, तेव्हा ते म्हणाले, "तू नको येऊस ग, उगाच." हा 'उगाच' त्यांचा खास होता. वाढदिवसाला उगाच, परगावच्या परिषदेला उगाच, त्यांचं स्वतःचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला उगाच. ती ऐकत गेली. तिला वाटायचं, आपण समजूतदार आहोत. समजूतदार या शब्दाचा अर्थ, दुसऱ्यांना सोयीची, असा असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

शोकसभा रविवारी होती. ती तयार झाली, बसने गेली, सभागृहाच्या समोर उतरली. रस्ता ओलांडायचा तेवढा राहिला होता. सभागृहाचं दार सताड उघडं होतं, लोक जात होते, कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. ती अलीकडच्या बाजूला घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाशी उभी राहिली आणि काचेतली घड्याळं बघत राहिली. दुकानदाराने एकदा बाहेर येऊन, काही हवंय का, म्हणून विचारलं. नको म्हणाली. आत भाषणं चालू असावीत, मधूनच माइकचा घोगरा आवाज येई, शब्द कळत नसत. तिच्या कानात डॉक्टरांचा तो 'उगाच' होता, आणि मेल्यावरसुद्धा ती त्यांचंच ऐकत होती. सव्वा तासाने लोक बाहेर पडायला लागले तशी ती वळली आणि आलेली पहिली बस कुठे जाते हे न बघता चढली.

महिन्याभराने ती पुन्हा तिथे गेली. का गेली, सांगता आलं नसतं. दाताचा ठणका असला की जीभ तिथेच जाते, तशी गेली. त्या दिवशी आत कोणाच्या तरी लग्नाचा स्वागतसमारंभ होता. यावेळी तिने रस्ता ओलांडला, पायऱ्या चढली, आणि आत शिरली. दारातल्या माणसाने तिला या या म्हटलं. कोणीतरी हातात सरबताचा पेला दिला. एका म्हाताऱ्या बाईने तिला शेजारी बसवून घेतलं आणि नवऱ्यामुलीच्या सासूचे सगळे दोष सांगितले. तिने वधूवरांचे हात हातात घेतले, सुखी राहा म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली. मग ती रांगेत उभी राहून पोटभर जेवली. एवढं सोपं होतं. त्याच पायऱ्या, तेच दार. ते सोपं होतं हे कळल्यावर तिला जे झालं त्याला दुःख म्हणता आलं नसतं, तो संताप होता, आणि त्या संतापातच ती पुढच्या सगळ्या समारंभांना गेली. पुस्तक प्रकाशनं, दंतवैद्यांची परिषद, नव्या दुकानाचं उद्घाटन, चित्रांची प्रदर्शनं, ओळखदेख नसलेल्यांचे लग्नाचे वाढदिवस. नोकरीची वर्षं भरली तेव्हा हॉस्पिटलने तिला निरोप म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गिर्यारोहकांच्या संमेलनात बसून बर्फात बोटं कशी वाचवायची ते ऐकत होती. ती कधी मागे उभी राहिली नाही. पुढून तिसरी रांग, मधली खुर्ची. खोटं ती गरजेपुरतं बोले, चोरी कधी केली नाही, आणि लाज वाटते का म्हणून मनाला विचारलं तर मन म्हणे, लाजेचा आपला वाटा आगाऊच भरून झालाय. एकदाच पकडली गेली. कोणाच्या तरी ऐंशीव्या वाढदिवसाला खुद्द म्हाताऱ्यानेच तिचा हात धरून विचारलं, तू कोण ग? ती म्हणाली, कोणी नाही, दार उघडं होतं म्हणून आले. म्हातारा म्हणाला, "बैस. यातल्या निम्म्यांना मीही ओळखत नाही, आणि उरलेले निम्मे मला आवडत नाहीत."

मंगळवारी संध्याकाळी ताई आली. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसायची, मग बसायची. सिस्टर आणि ताई एकाच इमारतीत राहत, त्यामुळे विमा कंपनीच्या जेवणापासून बुधवारच्या कार्यक्रमापर्यंत सगळं ताईपर्यंत पोचलं होतं. ताईने तिला बरंच समजावलं. लोकांच्या घरच्या कार्यात घुसून जेवतेस, तेही आता चारचौघांत बोललं जायला लागलंय. ते एक वेळ सोड, पण तिथे जाऊ नकोस. त्या बाईचा विचार कर. तिने काय कमी सोसलं असेल? तुझे केस पिकले, आता तरी शहाणी हो. ती ऐकत होती आणि ताईच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे बघत होती. ताईच्या मुलीच्या लग्नाचं तिला फोटोंवरून कळलं होतं. ते फोटो ताईने स्वतःच आणून दाखवले होते, याच टेबलावर पसरून, प्रत्येकाचं नाव सांगत, आणि तिने प्रत्येक फोटो हातात घेऊन छान आहे म्हटलं होतं.

"भावजी नको म्हणाले होते, की तू?" तिने मध्येच विचारलं. ताईला आधी कळलं नाही. मग कळलं. फडक्याची तिने दोनदा घडी केली.

"लोक विचारतात ग. काय सांगणार होतो आम्ही?"

"माझी बहीण आहे, असं."

ताई रडायला लागली. तिने ताईला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, पण आपलं वाक्य मागे घेतलं नाही. पूर्वी तिने ते घेतलं असतं, जाऊ दे म्हणाली असती, वर ताईचीच समजूत घातली असती. जिन्यापर्यंत सोडायला गेली तेव्हा ताईने शेवटचं विचारलं, "पण तिथे जाऊन तुला मिळणार काय आहे?" ती म्हणाली, "काही नाही. मी मिळवायला जातच नाहीये. मी फक्त जाणार आहे."

बुधवारी हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरताना पाय आपसूक डावीकडे, तळघराच्या जिन्याकडे वळले, जिथे एकतीस वर्षं ते वळत होते. तिने त्यांना उजवीकडे आणलं. जुन्या रजिस्टरांच्या खोलीला रंग लावून तिचा वर्ग केला होता, दारावर डॉक्टरांचं नाव पितळी अक्षरांत होतं आणि त्यावर रेशमी फीत. बाहेर टेबल मांडून रजेच्या अर्जांचा कारकून यादी घेऊन बसला होता. त्याने तिला पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. यादीत तुमचं नाव नाहीये बाई, असं तो यादी न बघताच म्हणाला. ती म्हणाली, नसणारच, ते तिला ठाऊक आहे. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मला अडचणीत आणू नका, म्हणाला. एवढी वर्षं तिने त्याच्यापुढे अर्ज ठेवले होते, अर्जावर कारण लिहिलं होतं, प्रकृती अस्वास्थ्य, घरगुती काम. डॉक्टरांच्या ऑपरेशनच्या आठवड्यातही घरगुती काम असंच लिहिलं होतं. तिने त्याच्यासमोरचं पेन उचललं, यादी आपल्याकडे वळवली, आणि शेवटच्या नावाखाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, सुवाच्य. "तू अडवलं होतंस म्हणून सांग," ती त्याला म्हणाली, "मी ऐकलं नाही."

पुढून तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी होती. पहिल्या रांगेत डॉक्टरांच्या पत्नी, डॉक्टरीणबाई, बसल्या होत्या. ती आत येताना त्यांनी मान वळवली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा सरळ केली. शेजारी मुलगा होता, बापाच्याच कपाळाचा. ती बसली. भाषणं सुरू झाली. अधिष्ठाता बोलले, एक जुने विद्यार्थी बोलले, आणि हळूहळू तिच्यासमोर एक भलताच माणूस उभा राहायला लागला. हा माणूस कधी थकत नव्हता, त्याला राग येत नव्हता, त्याचं निदान आयुष्यात एकदाही चुकलं नव्हतं. लोक माना डोलवत होते. मोडलेल्या हाडाला प्लास्टर चढवतात तसं ते त्यांना वरून वरून लिंपत होते, आणि आतला माणूस दिसेनासा होत होता. त्याला गुरुवारी खुर्चीत झोपताना तोंड उघडं ठेवायची सवय होती, सूप गार झालं की तो लहान मुलासारखा चिडायचा, आणि तो भित्रा होता. हो, भित्रा. हे तिने मनातसुद्धा इतक्या स्पष्टपणे आजवर म्हटलं नव्हतं. ज्या माणसासाठी ती रस्त्यापलीकडे थांबली होती तो भित्रा होता आणि तरीही तिचा होता, आणि हे लोक आता दोन्ही काढून घेत होते. शेवटी अधिष्ठात्यांनी सगळीकडे नजर फिरवून, आणखी कोणाला दोन शब्द बोलायचेत का, असं विचारलं. असं विचारतात ते उत्तराची अपेक्षा न ठेवता. ती उभी राहिली. माइकपर्यंतची आठ पावलं तिला नंतर आठवली नाहीत, माइकची जाळी थंड होती आणि तिला तांब्यासारखा वास होता, एवढं आठवलं.

"मला इथे बोलावलेलं नाही," ती म्हणाली. "मी खाली तळघरात फोटो काढायचे. आणि डॉक्टरांबरोबर एकोणीस वर्षं होते. ते इथे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही." खुर्च्या करकरल्या. मुलगा उठून उभा राहिला. त्याच्या आईने त्याच्याकडे न बघता त्याच्या कोटाची बाही धरली आणि खाली ओढली, आणि तो बसला. मग तिने सांगितलं ते एका बस चालवणाऱ्याविषयी. शिडीवरून पडला म्हणून त्याला आणलं होतं. डॉक्टरांनी फोटो बघितला, स्नायू दुखावलाय म्हणाले, गोळ्या देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी फिल्मा लावून ठेवताना तिला खुब्याच्या हाडात केसाएवढी चीर दिसली. तिने डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, ती सावली आहे. ती म्हणाली, सावली नाही. त्यांनी फिल्म खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांनी कोणाला पाठवलं नाही, रुग्णवाहिकेत स्वतः बसून त्याच्या घरी गेले, तीन मजले चढले, आणि त्या माणसाला त्याच्या बायकोमुलांसमोर म्हणाले की चूक माझी आहे. "त्या घरात कोणी त्यांना बोललं नाही. उलट पाणी दिलं. परत आल्यावर मला म्हणाले, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर दर फोटो ते दोनदा बघायचे, आणि दुसऱ्यांदा बघायला मला बोलवायचे. इथे मुलं शिकणार आहेत म्हणून सांगितलं. डॉक्टर चुकले होते. धाडस त्यांच्यात फार नव्हतं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण त्या दिवशी होतं." ती थांबली. आणखी काही बोलायचं उरलंय का हे तिने मनात चाचपून पाहिलं, नव्हतं, म्हणून ती जागेवर येऊन बसली. टाळ्या झाल्या नाहीत. मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांपैकी एका मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

चहा बाहेरच्या व्हरांड्यात होता. लोक तिच्यापासून हातभर अंतर राखून जात होते. फक्त सिस्टर आल्या, तिच्या हातात कप दिला, तिचा दंड दाबला आणि गेल्या. निघून जायला ही वेळ चांगली होती. जे करायचं ते करून झालं होतं. ती खांबाशी उभी राहिली. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई सरळ तिच्याकडे चालत आल्या आणि दोघी पहिल्यांदाच एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या. त्या तिला वाटल्या होत्या त्यापेक्षा बुटक्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"शोकसभेला तुम्ही आला नाहीत," त्या म्हणाल्या. "मी दाराकडे बघत होते, पूर्ण वेळ. तुम्ही आलात की सगळ्यांसमोर बाहेर काढायचं, असं ठरवून बसले होते. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. आणि तुम्ही आलाच नाहीत. तेव्हा मला वाटलं, म्हणजे एवढंच होतं तर."

हे तिला अनपेक्षित होतं. इतकी वर्षं तिने अपमानाचे नाना प्रकार मनात घोळवून ठेवले होते, त्यांत हा नव्हता. आपलं समजूतदारपणाने दूर उभं राहणं या बाईपर्यंत असं पोचलं असेल, कमी प्रेमाचा पुरावा म्हणून, हे तिच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. "रस्त्यापलीकडे उभी होते," ती म्हणाली. "सगळं संपेपर्यंत."

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मऊ झाला नाही, पण त्यावरचं काहीतरी हललं, फर्निचर हलवल्यावर भिंतीवर जुना रंग दिसावा तसं. "ड्रायव्हरचं मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "घरी कधी बोलले नाहीत." मग अगदी शांतपणे, "आता तुम्ही जावं, असं मला वाटतं."

"जाईन," ती म्हणाली. "चहा संपला की जाईन."

मुलगा तावातावाने त्यांच्याकडे यायला निघाला होता. त्याच्या आईने मागे न बघता हात वर केला, तसा तो वाटेत थांबला. ती चहा प्यायली. उकळून उकळून कडू झालेला चहा होता, साखर मात्र भरपूर. तिने तो तळापर्यंत संपवला, कप ट्रेमध्ये ठेवला, आणि किटली हाताशीच होती, दुसरं कोणी घेत नव्हतं, म्हणून दुसरा कप भरून घेतला. मग भिंतीशी ठेवलेली एक खुर्ची ओढून ती त्यावर नीट टेकून बसली. डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या होत्या, हलल्या नाहीत.

"गरम आहे," ती त्यांना म्हणाली, आणि कपावर हळूच फुंकर घातली.